मधल्या खांबाची चूल

या सदरातले अनुभव मी आजवर चहाबरोबर फरसाण खावं तसे वाचत आलोय. मजा येते, पोट भरत नाही. "मागे वळून पाहिलं तर कोणीच नाही..." असं काही आलं की मी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवतो, मधे मधे कोल्ह्याचे आवाज काढतो, आणि ती म्हणते, "पुरे, भाजी जळेल." आमचं घर बौद्ध, मूळचं वर्ध्याचं. वडील पोस्टात होते आणि अंधश्रद्धेचे असे हाडवैरी, की गल्लीत कुणाच्या अंगात आलं की ते चपला घालून मुद्दाम जायचे आणि त्या बाईला प्रश्न विचारायचे. बाई चिडून शुद्धीवर यायची. मी त्यांचाच मुलगा. स्ट्रक्चरल इंजिनिअर, वय बावन्न, चोवीस वर्षं दिल्लीत, सध्या मुक्काम नोएडा. मला लोड दाखवा, मी त्याच्याखाली कॉलम उभा करतो. याच्यापलीकडे जगात काही असेल असं मला वाटत नव्हतं.

आजही वाटत नाही. पण एक गोष्ट घडली आहे आणि तिचा मला भयंकर राग आलाय. घाबरून लिहिणारे इथे पुष्कळ आहेत. मी चिडून लिहितोय, एवढं ध्यानात ठेवून वाचा.

छतरपूरहून फतेहपूर बेरीकडे निघालं की डाव्या हाताला उंच भिंतींची फार्महाउसं लागतात. फार्म कुठेच नाही, हाउस मात्र भरपूर. त्यातल्या एकाचे मालक खुराना. (नाव बदललंय. स्वभाव बदलता आला नाही.) खुराना पती-पत्नी परदेशात कुठल्याशा लग्नाला गेले होते, ते लग्न लागलं एका जुन्या लाकडी बार्नमध्ये. परत आल्यावर मॅडमनी जाहीर केलं, "वी आल्सो वॉन्ट अ बार्न." दिल्लीत पैसा असला की बार्नही मिळतो. एका लाकूडवाल्याने वर्धा जिल्ह्यातल्या आर्वीकडच्या शेतातला एक जुना सागवानी कोठा उतरवला, त्याचे तुकडे ट्रकमध्ये घातले आणि छतरपूरला आणून ओतले. आता तो जसा होता तसा पुन्हा उभा करायचा, दुरुस्त करायचा, आणि होळीच्या पार्टीआधी! हे काम माझ्याकडे का आलं? तर मी वर्ध्याचा. जणू वर्ध्याचा प्रत्येक माणूस कोठ्यातच जन्माला येतो.

कोठा म्हणजे विदर्भात गुरं, कडबा, वखर-नांगर ठेवायची जागा. दिल्लीत कोठा म्हणजे काय, ते मी सांगायला नको. पहिल्याच मीटिंगला, चांगल्या पोर्सेलीनच्या कपातून चहा पिता पिता मी अभिमानाने म्हणालो, "मैडम, हमारे यहाँ तो हर घर के पीछे कोठा होता है. मेरे दादाजी का सारा दिन कोठे पे ही जाता था."

खुरानांच्या आईने कप खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, "प्लीज़. बार्न बोलिए."

असो. कोठा मात्र काय होता महाराजा! चौदा खांब. त्यांच्यावर जाड आडवी लाकडं, आमच्याकडे त्यांना मयाल म्हणतात. मयालीवर छपराचे वासे. सगळ्यात मिळून एकही खिळा नाही. खांबाच्या डोक्याला लाकूड कोरून एक वीतभर जीभ काढलेली असते. ती मयालीच्या खोबणीत बसते, बाजूने लाकडी खुंटी ठोकायची, आणि मग शंभर वर्षं विसरून जायचं. त्या जिभेला मराठी सुतार कूस म्हणतात. इंग्रजीत टेनन. हे दोन शब्द मला येत होते. तिसरा येत नव्हता, आणि सगळी माती त्या तिसऱ्याने केली.

लाकूड जोडायला होते यामीन मिस्त्री. सहारनपूरचे, राहायला संगम विहारला, वय साठीला टेकलेलं, चष्म्याच्या एका काडीऐवजी सुतळी. पहिल्या दिवशी ट्रक रिकामा झाला तेव्हा ते प्रत्येक खांबाजवळ जाऊन त्याच्यावरून हात फिरवत होते. म्हणाले, "इंजीनियर साब, चालीस साल प्लाई-प्लाई में निकल गए. लकड़ी तो अब देखी." पहिले तीन आठवडे आम्ही फक्त साफसफाई केली. मी लाल रंगाने प्रत्येक तुकड्यावर नंबर टाकले, लांब्या मोजून वहीत लिहिल्या. सात नंबर म्हणजे मधला खांब. सगळ्यात जाड. कमरेच्या उंचीवर बैलाच्या दोराने घासून घासून पडलेली खोबण, आणि तिच्या वर कांदाभज्याच्या आकाराची एक गाठ. त्याच्यावरचा माझा लाल सातसुद्धा खाली ओघळला होता. हा खांब मी झोपेतही ओळखेन.

याच तीन आठवड्यांत माझं आणि मॅडमचं युद्ध चालू होतं. मॅडमना बार्नच्या मधोमध, बरोब्बर सात नंबरच्या खांबाला लागून, खरी लाकडं जाळायची मातीची चूल हवी होती. लाइव्ह काउंटर! पाहुण्यांसमोर मक्याची रोटी!

"मैडम, ये पूरा सूखा सागवान है. बीच में आग?"

"तो? गाँव में भी तो होता है."

"गाँव में कोठे में चूल्हा नहीं होता, मैडम."

"आपको कितनी बार बोला है, वो वर्ड यूज़ मत कीजिए."

मी जिंकलो असं मला वाटायचं, आणि दुसऱ्या दिवशी साइटवर विटा येऊन पडायच्या. मी त्या परत पाठवायचो. घरी येऊन तासभर बडबडायचो. बायको वंदना शेवटी म्हणाली, "तुझ्या स्वप्नातसुद्धा चूलच असेल आता." होतीच.

आता तो सोमवार. गाडी सर्व्हिसिंगला, म्हणून मी मेट्रोने निघालो होतो. हौज खासला लाइन बदलायची, तर तिथले ते सरकते जिने संपता संपत नाहीत, गर्दी मरणाची, नेटवर्क येतं-जातं. सकाळचे साडेदहा. फोन वाजला. यामीन मिस्त्री.

"इंजीनियर साब, वो बीच वाला खंभा... चूल... रखनी है या हटा दें?"

माझं डोकं असं सणकलं की काय सांगू! मी शहरात दुसऱ्या कामाला जातोय आणि बाईने माझ्या पाठीमागे मिस्त्रीला हाताशी धरलं?

"चूल? बीच वाले खंभे पे? बिल्कुल नहीं! हटाओ!"

"सोच लीजिए साब. पुरानी चीज़ है. थोड़ी मरम्मत करके—"

"कोई मरम्मत नहीं! जड़ से उड़ा दो!"

"फिर भी एक बार आप आके देख—"

"यामीनभाई, मैंने देख लिया, सोच लिया! अभी के अभी उड़ाओ. कोई कुछ बोले तो मेरा नाम लेना!"

जिन्यावरचे लोक वळून बघायला लागले. मी फोन खिशात टाकला आणि सेनापतीसारखा वर आलो.

मंगळवारी अकरा वाजता साइटवर पोचलो. चूल कुठे दिसत नव्हती. छान. मग मला सात नंबरचा खांब दिसला. सुतारकामाच्या लाकडी घोड्यांवर आडवा ठेवलेला, आणि त्याचं डोकं दुधी भोपळा कापावा तसं सपाट. शेजारी वर्तमानपत्रावर कापलेली कूस ठेवलेली. वीतभर लांब, एका कोपऱ्याला चिरलेली, चिरेजवळ किडीची दोन बारीक भोकं.

मी त्या सपाट डोक्यावरून हात फिरवला.

"यामीनभाई... ये क्या किया?"

"जो आपने कहा."

"मैंने ये कब कहा?"

"कल, फ़ोन पे." ते शांत होते, पण मला वाटतं त्या क्षणी त्यांनाही काहीतरी वेडंवाकडं झाल्याचं कळलं. "मैंने पूछा, चूल का कोना फटा है, रखनी है या हटा दें. आपने कहा जड़ से उड़ा दो."

"चूल...?"

त्यांनी त्या तुकड्यावर बोटाने टकटक केली. "ये चूल. और ऊपर वाली में जो छेद है, वो साल. चूल-साल. आप लोग इसको क्या बोलते हैं?"

मंडळी, चोवीस वर्षं मी हिंदी बातम्या ऐकतोय. रोज कुणी ना कुणी ओरडत असतं, "सरकार की चूलें हिला देंगे!" आणि चोवीस वर्षं मला वाटत होतं की हे लोक एकमेकांच्या स्वयंपाकघरात घुसून चुली हलवतात. वाक्प्रचार आहे, असेल तसा, म्हणून मी कधी खोलात गेलो नाही. तो सुताराचा शब्द निघाला. स्वयंपाकाच्या चुलीला ते चूल्हा म्हणतात, हे मला माहीत होतंच की! पण रागात माणसाचे कान त्याच्या आईच्या भाषेत ऐकतात. निदान माझे तरी ऐकतात.

दुसऱ्या कुणाचं असं झालं असतं तर मी हा किस्सा वर्षभर हावभावांसकट सांगितला असता.

तेवढ्यात खुराना आले. पांढरे शुभ्र बूट, कानाला फोन. खांब बघितला आणि फोन छातीशी धरून गरजले, "ये किसने काटा?"

साइटवर सहा जण होते. यामीनभाईंनी हातातली पटाशी खाली ठेवली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तक्रार म्हणून नव्हे. मी सांगेन याची ते नुसती वाट बघत होते. मीच म्हणालो होतो ना, माझं नाव घे म्हणून? ते मला संधी देत होते, की साब, तुमचं नाव तुम्हीच घ्या.

आणि मी म्हणालो, "काटा तो... मिस्त्री ने ही है."

बघा, एक शब्द खोटा नाही. आरी (आपली करवत) कुणाच्या हातात होती? मिस्त्रीच्या. मी तीन आठवडे मॅडमसमोर अक्कल पाजळत होतो, आणि आता सांगू, की मला सुताराचा साधा शब्द कळत नाही? युद्ध हरलो असतो. काम गेलं असतं. हे सगळं मी त्या एका सेकंदात मोजलं. मोजण्यात मी हुशार आहे.

खुराना जे बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही. "बुड्ढे, आँख से दिखता नहीं तो घर बैठ" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तिथल्या तिथे त्यांनी मिस्त्रींना साइटवर पाठवणाऱ्या ठेकेदाराला फोन लावला, "इस आदमी को किसी अच्छी साइट पे मत भेजना, लाखों की लकड़ी ख़राब कर दी." यामीनभाई खाली बसून हत्यारं आवरत होते. पटाशी पुसली, फडक्यात गुंडाळली. रंदा पुसला, गुंडाळला. मग तो कापलेला तुकडा उचलून माझ्या हातात दिला आणि इतक्या हळू बोलले की खुरानांना ऐकू जाऊ नये.

"ये आप रखिए. आपने कटवाई है, आपकी है."

त्या अवस्थेतही त्यांनी माझी लाज झाकली. मी तो तुकडा गाडीच्या डिकीत टाकला.

खुरानांचा तोडगा तयारच होता. "लोहे का खड़ा करो, ऊपर से लकड़ी चिपका दो. किसको पता चलेगा?" मी सपाट डोक्याच्या खांबाचे आठ फोटो काढले, टेप लावून लांबी मोजली, वहीत लिहिली. वहीतल्या जुन्या मापापेक्षा बरोब्बर नऊ इंच कमी. बुधवारी घरी बसून मी लोखंडी खांबाचं ड्रॉइंग काढलं. माझ्या हाताने. कोठ्यात लोखंड! आजोबा असते तर वखराच्या दांड्याने बडवला असता मला.

आता तुम्ही ज्यासाठी वाचताय ते.

गुरुवार. दुपारचे साडेबारा. फेब्रुवारीचं लख्ख ऊन, आकाशात ढग नाही, कुत्रं रडत नाही, वारा थांबलेला नाही. बाजूच्या फार्मवर ढोलवाले तालीम करत होते. इतकं बिनभुताचं वातावरण दिल्लीत शोधून सापडणार नाही. क्रेन आली होती, सात नंबर उचलून बाजूला टाकायला. क्रेनबरोबर आलेल्या माणसाने ताडपत्री ओढली, खांबांवरून नजर फिरवली आणि मला म्हणाला,

"सर, कटा हुआ कौन सा है? इनमें तो सबकी चूल सलामत है."

मी हसलो. मग जवळ गेलो.

चौदा खांब. चौदा चुली. सात नंबर तिथेच होता, घोड्यांवर. ओघळलेला लाल सात. दोराची खोबण. भज्याची गाठ. आणि डोक्याला वीतभर चूल. कोपऱ्याला चिरलेली. चिरेजवळ किडीची दोन भोकं.

आधी मी सगळ्यांना शिव्या घातल्या. कोणी चिकटवलं हे? कोणाची मस्करी? कोणाचीच नव्हती. मग मी माझं शास्त्र काढलं. भिंग लावून सांधा शोधला. नाही. पाणी ओतलं, सांधा असता तर तिथे रेघ ओली राहिली असती. नाही राहिली. हातोडीने ठोकत खालपासून वरपर्यंत गेलो, आवाज एकसारखा. लाकडाच्या रेषा खांबातून निघून थेट चुलीत शिरत होत्या, आरी जिथून फिरली होती ती जागा सरळ ओलांडून. टेप लावली. वहीतलं पहिलं माप, इंचाला इंच.

मोबाइल उघडला. आठ फोटो. आठांतही सपाट डोकं.

मग आठवलं आणि मी पळत गाडीकडे गेलो. डिकी उघडली. तुकडा तिथेच होता. तो आणून मी खांबाच्या चुलीशेजारी धरला. तीच चीर. तीच दोन भोकं, तेवढ्याच अंतरावर. एकच लाकूड, दोन ठिकाणी. क्रेनवाल्याचा माणूस दोन पावलं मागे सरकला आणि म्हणाला, "सर, इसको नीचे रख दीजिए." त्याचा आवाज बदलला होता.

तुमच्या अंगावर काटा आला असेल. माझ्या नाही आला. मला आला राग! मी त्या खांबासमोर उभा राहून मराठीत भांडलो. खरंच भांडलो. क्रेनवाला साक्षीला आहे. "अरे, करायचंच होतं तर मंगळवारी करायचं! तो माणूस इथे उभा असताना करायचं! आता काय उपयोग? कोणासाठी केलंस? खुरानासाठी?"

खांब काय बोलणार!

खुराना आले, बघितलं आणि खूश झाले. त्यांना आश्चर्यसुद्धा वाटलं नाही, आणि मला वाटतं या सगळ्यातली खरी अमानवीय गोष्ट हीच.

"मतलब बुड्ढे ने काटा ही नहीं था?"

"सर, काटा था! आपने ख़ुद देखा था, परसों, यहीं!"

"मैंने क्या देखा यार, मैं तो फ़ोन पे था. आपने बोला कट गया, मैंने मान लिया."

मी फोटो दाखवले. त्यांनी बोटाने एक-दोन सरकवले. "फ़ोटो का क्या है? आजकल मेरा भतीजा मुझे चाँद पे बैठा देता है." तुकडा दाखवला. "दूसरी लकड़ी होगी. इतना माल पड़ा है." मग माझ्या पाठीवर थाप. "चलो, जो हुआ अच्छा हुआ. वो बुड्ढा ड्रामेबाज़ निकला, थोड़ा आप भी. आज ही खड़ा कर दो."

चार वाजेपर्यंत सात नंबर, दोन्ही बाजूंच्या खांबांसकट, उभा राहिला. क्रेनने मयाल खाली सोडली आणि चूल तिच्या सालीत अशी गेली की खुंटी ठोकायच्या आधीच सगळं घट्ट झालं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी व्हिडिओ काढला. मीही काढला. मी जन्मात इतकं सुंदर जोडकाम पाहिलं नाही, आणि त्याच्याकडे मला बघवत नव्हतं.

शनिवारी सकाळी दहाला मी संगम विहारला गेलो. गल्ली विचारत विचारत, हातात तो तुकडा पिशवीत. यामीनभाई दाराबाहेर स्टुलावर बसून आरीला कानस लावत होते. मला बघून उठले नाहीत. आतून त्यांच्या बायकोने पाणी पाठवलं. मी सगळं सांगितलं. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतोय, आणि त्यांचे हात थांबले.

"साब, मज़ाक़ करने इतनी दूर आए हैं?"

मी व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो तीनदा बघितला. मग माझ्याकडून तुकडा घेतला, उलटा केला आणि कापलेल्या बाजूवर अंगठा फिरवला. "ये मेरी आरी है. ये देखिए, आख़िर में ज़रा सा उठान है. मेरा हाथ वहाँ उठता है, बचपन से उठता है, उस्ताद मारते थे इसके लिए." तुकडा त्यांनी मांडीवर ठेवला. "तो काटी तो मैंने ही."

"हाँ."

"और कटी भी नहीं."

"...हाँ."

आणि मग तो माणूस चिडला. तीन आठवड्यांत मी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन उभी राहिली.

"कल ठेकेदार का फ़ोन था. हँस रहा था. कहता है, चाचा, खंभा तो सलामत है, नाटक क्यों किया? मंगल को मैं अंधा था, इंजीनियर साब. आज से झूठा भी हूँ! आपके खंभे की तो जुड़ गई. अच्छी बात है. मेरा क्या जुड़ा?"

मी खिशातून फोन काढला. त्यांच्यासमोर, स्पीकरवर, खुरानांना लावला.

"खुराना साहब, एक बात बतानी है. उस दिन खंभा काटने को मैंने कहा था. ग़लती मेरी थी, यामीन मिस्त्री की नहीं. उन्होंने तो रोका था."

"कौन सा खंभा?"

"सात नंबर."

"अरे यार, वो तो खड़ा है! कुछ कटा ही नहीं तो ग़लती काहे की? आप भी ना... सुनिए, होली पे आइए, भाभी जी को लाइए." फोन कट.

ठेकेदाराला लावला. तोही तेच म्हणाला, "छोड़िए सर, जब कुछ हुआ ही नहीं."

मंडळी, हा माझ्या रागाचा गाभा आहे. गुन्हा करून माणूस सुटतो, हे मी पुष्कळ पाहिलंय. इथे गुन्हाच कोणीतरी उचलून नेला. मी कबूल करायला तोंड उघडलं आणि समोर कबूल करण्यासारखं काही शिल्लकच नाही! यामीनभाईंचा अपमान मात्र जागच्या जागी. त्याला कोणी हात लावला नाही.

"सुन लिया," यामीनभाई म्हणाले. आवाज पुन्हा खाली आला होता. "अब जाइए."

"यामीनभाई, मैं माफ़ी—"

"मुझसे अकेले में क्या माँग रहे हैं? मुझे तो पता ही है किसने कहा था. उस दिन वहाँ छह आदमी खड़े थे. उनके सामने कहते."

तुकडा त्यांनी ठेवून घेतला. मी गल्लीतून गाडीपर्यंत चालत आलो. घरी येऊन वंदनाला सांगितलं. या वेळी तिने भाजीचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "सहा जण नाही मिळाले तर जिथे शंभर वाचतात तिथे सांग." म्हणून इथे आलो. हेच मी हिंदीत लिहून साइटवरच्या ग्रुपवरही टाकलंय. तिथे दोन अंगठे आले आणि एक हसरा चेहरा.

आता तुम्ही खाली लिहाल, की दोन खांब सारखे असतील, आरी अर्धवट फिरली असेल, तुम्ही थकला होता. सगळं तपासून झालंय. वाळलेला सागवान वाढत नाही. सांधा नाही, सरस नाही, चौदाच्या चौदा खांबांची मापं वहीत आहेत. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही, आणि खरं सांगू? ते मिळावं अशी फारशी इच्छाही उरलेली नाही.

मधल्या खांबाची चूल परत कोणी आणली, मला ठाऊक नाही. ती कापायला मी सांगितलं होतं. यामीन मिस्त्रींनी मला दोनदा अडवलं, आणि दोन्ही वेळा मीच ओरडलो.